कॅबिनेट छोटं हवं, पण त्यात हवा हवी

ताई,

गेली सहा वर्षं माझा पीसी टेबलाखाली एका अवाढव्य टॉवरमध्ये आहे. पाय लांब केले की तो लागतो, आणि धूळ पुसायला काढायचा म्हटलं तर दोन माणसं लागतात. आता नवा बिल्ड करतोय. ग्राफिक्स कार्ड घेऊन झालंय: आरटीएक्स ४०७०, तीन फॅनचं, लांबी ३०५ मिमी, जाडी ५२ मिमी. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी घ्यायचं ठरवलंय. बाकी सगळं नवीन घेणार. कॅबिनेट मॉनिटरशेजारी टेबलावर मावेल एवढंच हवं. दहा लिटरचं, दोन्ही बाजूंना काच असलेलं एक मनात भरलंय. दादा म्हणतो, "छोट्या डब्यात गेमिंग म्हणजे भट्टी. वॉटर कूलिंग घातलंस तरच टिकेल." मित्र म्हणतो, "सहा-सात फॅन लाव, काही होत नाही." कोणाचं ऐकू? आणि जुन्या टॉवरमधले तीन फॅन नव्यात चालतील का?

– टेबलटंचाईग्रस्त

प्रिय टेबलटंचाईग्रस्त,

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू जाता जाता लिहून टाकली आहेस: जाडी ५२ मिमी. छोट्या कॅबिनेटबद्दल विचारणारी बहुतेक पत्रं "दहा लिटर की अठरा" इथेच घुटमळतात. कार्ड किती जाड आहे हे कोणी सांगतच नाही. तू फूटपट्टी हातात घेतलीस तिथे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे ते दोन काचांचं कॅबिनेट मनातून काढणं. ते जरा जड जाईल, म्हणून सावकाश सांगते. (इंग्रजीत याला केस म्हणतात, पण केस म्हटलं की आमच्या घरी कंगवा शोधतात. तेव्हा मी कॅबिनेटच म्हणणार.)

आधी लिटरचं बघू. यात गूढ काही नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि हजाराने भागायचं. कूलर मास्टरचं एनआर२०० पाय आणि बाहेर आलेले भाग सोडून ३६० × १८५ × २७४ मिमी आहे, म्हणजे १८.२५ लिटर. तुझा टेबलाखालचा टॉवर ४५-५० लिटरचा असेल. फ्रॅक्टल डिझाइनचं टेरा १०.४ लिटरचं, आणि डॅन ए४-एसएफएक्स तर ७.२ लिटरचं. ही शर्यत बघायला मजा येते, पण कोणी पाय धरून मोजतं, कोणी सोडून, त्यामुळे आकडे एकमेकांशी नेहमी जुळतातच असं नाही. शिवाय टेबल अडवते ती तळाची लांबी-रुंदी. उभट आकाराचं पंधरा लिटरचं कॅबिनेट पसरट दहा लिटरवाल्यापेक्षा कमी जागा खाऊ शकतं. आणि आत शिरलेली हवा कुठून कुठे जाईल, याबद्दल लिटर अवाक्षर काढत नाहीत.

आता दादाची भट्टी.

पीसी जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तुझं कार्ड २०० वॅटचं. प्रोसेसरवर १२० वॅट लिहिलेलं असलं तरी ७८००एक्स३डी गेम खेळताना बहुतेक वेळ शंभराच्या बराच आत असतो, ८० धर. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन आणि एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज मिळून ६०. एकूण ३४० वॅट. म्हणजे टेबलावर छोटा रूम हीटर ठेवल्यासारखंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही.

ही उष्णता बाहेर न्यायची ती हवेने. दर मिनिटाला एक घनमीटर हवा आरपार गेली, तर एक अंश तापताना ती साधारण २० वॅट उचलते. ३४० वॅट उचलायला तिला १७ अंश तापावं लागेल. दोन घनमीटर गेली, तर साडेआठ अंश. फॅनच्या खोक्यावर सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) म्हणून आकडा असतो, त्यात एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ सीएफएम. १२० मिमीच्या चांगल्या फॅनवर पन्नास-साठ लिहिलेलं दिसतं, पण तो आकडा फॅनसमोर काहीच नसतानाचा. मध्ये फिल्टर, जाळी आणि केबलींचा गुंता आला की त्यातला बराच गळतो.

या गणितात कॅबिनेटचा आकार कुठे आला? कुठेच नाही. १८ लिटरच्या डब्यातून मिनिटाला एक घनमीटर हवा गेली, तर आतली सगळी हवा मिनिटात पंचावन्न वेळा बदलते, म्हणजे जवळजवळ सेकंदाला एकदा. मोठ्या टॉवरमध्ये हवेचा साठा जास्त म्हणून तो थंड, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो साठाही काही सेकंदांत बदलतच असतो. टॉवर थंड राहतो, कारण त्यात मोठा कूलर मावतो, फॅन मोठे बसतात आणि हवेच्या वाटेत कोणी आडवं येत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये हे तिन्ही आपोआप मिळत नाहीत, निवडावे लागतात. दादाचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं.

आता मुख्य मुद्दा. कॅबिनेट बघताना मी पहिला प्रश्न विचारते: कार्डाचं तोंड कुठे आहे? कार्डाचे तीन फॅन ज्या बाजूने हवा ओढतात ते त्याचं तोंड. तुझ्या ३४० वॅटपैकी २०० वॅट एकट्या कार्डाचे आहेत. ते ज्या बाजूने श्वास घेतं त्या बाजूला बाहेरची ताजी हवा थेट येत असेल, तर बाकीच्या चुका कॅबिनेट पोटात घालतं. तिथे पत्रा किंवा काच असेल, तर बाकी कितीही शहाणपणा केलास तरी तापणारच.

हे मी अनुभवाने शिकले. माझं पहिलं छोटं कॅबिनेट, कोणत्या कंपनीचं ते जाऊ दे, दिसायला फार देखणं होतं. एका बाजूला पूर्ण काच, आणि काचेआड कार्डाचे फॅन फिरताना दिसायचे. फॅन आणि काच यांच्यात करंगळी जेमतेम शिरायची. कार्डाला हवा मिळायची ती काचेच्या कडेने, चिरेतून, आणि तीही निम्मी त्याने स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की तापमान ऐंशीच्या वर आणि आवाज मिक्सरसारखा. एक दिवस वैतागून काच काढली. दोन मिनिटांत आवाज उतरला आणि पाठोपाठ तापमान दहा-बारा अंश खाली आलं. मग दोन महिने ती काच भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ जमत होती. देखणेपणाची हौस अशी फिटली.

म्हणून दोन काचांना माझा साफ नकार. एक काच हवीच असेल, तर ती कार्डाच्या तोंडासमोर नाही याची खात्री कर. तोंडाच्या बाजूला जाळीच पाहिजे, आणि जाळी म्हणजे बारीक भोकांची दाट जाळी. शोभेसाठी पत्र्याला पाच-सहा फटी पाडलेल्या असतात, त्याला मी जाळी म्हणत नाही. फोटोत फरक कळत नसेल, तर पॅनलमागे दिवा धरल्यासारखं मनात आणून बघ: किती उजेड आरपार येईल? हवाही साधारण तेवढीच येते.

कार्डाचं तोंड कुठे असेल हे आतल्या मांडणीवर ठरतं. छोट्या कॅबिनेटच्या ढोबळ दोन जाती. एकीत मांडणी टॉवरसारखीच, फक्त आवळलेली: कार्ड थेट मदरबोर्डवर बसतं आणि त्याचं तोंड खाली, तळाकडे. एनआर२०० या जातीचं. दुसरीला सँडविच म्हणतात. मधोमध पत्र्याची भिंत, एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला कार्ड, आणि दोघांना जोडायला रायझर केबल. कार्डाचं तोंड थेट बाजूच्या जाळीला भिडतं. टेरा आणि डॅन ए४ या जातीचे. कार्डाच्या दृष्टीने सँडविच उत्तम, कारण तोंडाशीच खिडकी. पण तिथे प्रोसेसरच्या कूलरला जागा बेताची मिळते.

टेरात तर हे फार गंमतशीर दिसतं. त्याची मधली भिंत सरकवता येते. एका टोकाला सरकवली तर कार्डाला ७२ मिमी आणि कूलरला ४८. दुसऱ्या टोकाला नेली तर कार्डाला ४३ आणि कूलरला ७७. दोन्हींची बेरीज १२०च. पांघरूण तोकडं, डोकं झाकलं की पाय उघडे. तुझं ५२ मिमीचं कार्ड बसवलंस की कूलरला पासष्टच्या आसपास उरतात. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मिमी उंच आहे, तो गेला. त्याहून बुटके, आडवे कूलर घ्यावे लागतील. ७८००एक्स३डी गेमपुरता त्यावर निभावेल, पण व्हिडिओ रेंडर करायला बसलास की त्याच्या ८९ अंशांच्या मर्यादेला जाऊन टेकेल. त्याने प्रोसेसर जळत नाही, तो आपला वेग आवरता घेतो. पण कूलरचा छोटा फॅन तोवर किंचाळत असतो, आणि कॅबिनेट टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर. टेबलाखालच्या टॉवरचा आवाज पायांना ऐकू येत होता, हे विसरू नकोस.

मी तुझ्या जागी असते तर १५ ते २० लिटरच्या पट्ट्यात पहिल्या जातीचं कॅबिनेट घेतलं असतं. एनआर२०० हे २०२० पासूनचं आहे. आता त्याच्यासारखी बरीच आली, पण मोजमापासाठी अजून तेच घेऊन बसावं असं आहे: कार्ड ३३० मिमीपर्यंत लांब, कूलर १५५ मिमीपर्यंत उंच, तळाला १२० मिमीच्या दोन फॅनची जागा आणि वर दोन. तळाचे दोन फॅन हवा आत ढकलतात ती थेट कार्डाच्या तोंडात. वरचे दोन गरम हवा बाहेर काढतात. मध्ये प्रोसेसरवर १२० मिमी फॅनचा उभा टॉवर कूलर. एवढ्या चार-पाच फॅनमध्ये तुझे ३४० वॅट आरामात निघतात. मित्राचे सहावा-सातवा फॅन बसणार कुठे, हे त्यालाच विचार. बसलेच, तर ते शेजाऱ्याचीच हवा ओढतील.

पण १५५ म्हणजे १५५. मी एकदा १५८ मिमीचा कूलर "तीन मिलिमीटरने काय होतंय" म्हणून बसवला होता. पॅनल लागलं, म्हणजे लावलं, आणि मधोमध टेंगूळ आल्यासारखं फुगून राहिलं. हीटपाइपची टोकं आतून पत्र्याला टेकलेली. चार दिवसांनी कूलर बदलला. छोट्या कॅबिनेटमध्ये मिलिमीटरशी वाद घालायचा नसतो.

पायांकडे कोणी बघत नाही, म्हणून इथे जरा थांबते. तळातून हवा घ्यायची तर कॅबिनेट आणि टेबल यांच्यात फट हवी. किती? १२० मिमीच्या दोन फॅनची वर्तुळं मिळून साधारण २२६ चौरस सेंटिमीटर होतात. त्यांच्याभोवतीचा २४ × १२ सेंमीचा चौकोन घे, त्याची परिमिती ७२ सेंमी. पाय एक सेंटिमीटरचे असतील, तर चारही बाजू मोकळ्या धरूनही हवेला शिरायला ७२ चौरस सेंटिमीटरच मिळाले. फॅन मागतोय २२६ आणि दार ७२चं. तीन सेंमी फट असली की हिशोब जुळतो. बहुतेक कॅबिनेटचे पाय याच्या निम्मेही नसतात. उपाय सोपा आहे: रबराचे उंच पाय चिकटव किंवा लाकडाच्या दोन पट्ट्या कडेला आडव्या ठेव, फॅनच्या खाली येणार नाहीत अशा. आणि टेबलावर कापड असेल तर कॅबिनेटखालचं काढून टाक. फॅन ते ओढून घेतो.

वॉटर कूलिंग तुला लागत नाही. ७८००एक्स३डीची उष्णता साधा टॉवर कूलर सहज झेलतो, आणि पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही, ती रेडिएटरपर्यंत नेऊन तिथे हवेतच सोडली जाते. तो रेडिएटर २४० मिमीचा म्हणतात, प्रत्यक्षात पावणेतीनशेच्या घरात लांब असतो, आणि फॅन धरून पाच सेंटिमीटर जाड. छोट्या कॅबिनेटमध्ये त्याला जागा द्यायची म्हणजे हवेची एक वाट त्याच्या नावावर करून द्यायची. हवा आत घेणाऱ्या वाटेवर लावला, तर प्रोसेसरची गरम हवा कार्डाला पाजायची. बाहेर जाणाऱ्या वाटेवर लावला, तर कार्डाची गरम हवा रेडिएटरला. वर पंपाची बारीक घरघर. लियन लीचं ए४-एच२ओ हे ११ लिटरचं कॅबिनेट मात्र वेगळं, कारण त्यात कूलरला जागाच ५५ मिमी आहे आणि वरचा मजला रेडिएटरसाठीच बांधलेला आहे. तिथे पाणी घालण्यात अर्थ आहे. कधी घातलंसच, तर रेडिएटरचा काही भाग पंपापेक्षा वर असू दे. आत अडकलेली हवा सगळ्यात उंच ठिकाणी जाऊन बसते. ती पंपात बसली तर तो खडखडतो आणि लवकर जातो.

बाकीच्या भागांचं पटापट. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स लागेल, १७० × १७० मिमीचा. व्हीआयए कंपनीने २००१ साली काढलेलं हे माप आहे. त्यात कार्डासाठी एकच स्लॉट आणि रॅमसाठी बहुधा दोन, तेव्हा रॅम आत्ताच हवी तेवढी घे, नंतर भर घालता येत नाही. एसएसडीचा दुसरा स्लॉट पुष्कळदा बोर्डाच्या पाठीमागे असतो, तिथे हवा पोचत नाही, म्हणून जास्त राबणारी एसएसडी पुढच्या स्लॉटमध्ये ठेव. मिनी-आयटीएक्स परवडत नसेल किंवा चार रॅम स्लॉट हवेच असतील, तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेणारी २६ ते ३३ लिटरची जाळीदार कॅबिनेटंही आहेत. लियन ली आणि डॅनचं ए३ हे २६ लिटरचं, असूसचं एपी२०१ हे ३३चं. ती "छोटी" म्हणायची का, हे तुझ्या टेबलाला विचार.

एसएमपीएस एसएफएक्स मापाचा, १२५ × १०० × ६३.५ मिमी. जुन्या टॉवरमधला एटीएक्सवाला १५० × ८६ आणि लांबीला १४० तरी असतो, तो इथे शिरणार नाही. एनव्हिडिया ४०७०साठी ६५० वॅट सांगते, तेवढा घे. मॉड्युलर असू दे, म्हणजे न लागणाऱ्या केबली खोक्यातच राहतील. छोट्या कॅबिनेटमध्ये हवा अडते ती पुष्कळदा केबलींच्या गठ्ठ्यानेच. जुळणी करताना एसएमपीएस आणि त्याच्या केबली आधी, कार्ड सगळ्यात शेवटी. उलटं केलंस तर प्रोसेसरच्या पॉवर केबलसाठी बोटं सोलून घेशील.

सँडविचकडेच मन ओढत असेल, तर रायझरबद्दल दोन शब्द. ४०७० चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीवर, चालतं. रायझर तिसऱ्या पिढीचा असेल, तर स्क्रीन काळी राहणं किंवा खेळता खेळता अडकणं हे प्रकार होतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉट तिसऱ्या पिढीवर बांधला की थांबतं, आणि गेममध्ये त्याने फारसं काही बिघडत नाही. पण स्क्रीनच काळी असेल तर बायोस दिसणार कसा? म्हणून चौथ्या पिढीचाच रायझर बघ. आणि तो पत्र्याला कसा जोडलाय तेही बघ. २०२१ साली एनझेडएक्सटीला एच१ हे कॅबिनेट बाजारातून परत मागवावं लागलं, कारण रायझरची पट्टी पत्र्याला पकडणाऱ्या स्क्रूंमुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता. त्यातली हवा खेळती होती, धोका दोन स्क्रूंमध्ये होता.

कार्डाच्या मापांकडे परत येते. २०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या कॅबिनेटला जुळणाऱ्या कार्डांचं माप ठरवून दिलं: लांबी ३०४ मिमी, जाडी ५० मिमी, आणि उंची, पॉवर केबलच्या वळणासकट, १५१ मिमी. तुझं कार्ड लांबीत एका मिलिमीटरने आणि जाडीत दोन मिलिमीटरने नापास. हरकत नाही, एनआर२००ला ते चालतं. पण उंची तू लिहिलीच नाहीस. उंची म्हणजे स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचं अंतर. टेरात ती १३१ मिमीच्या वर चालत नाही. एनआर२००मध्ये पॉवर कनेक्टर धरून १५६.

त्या कनेक्टरचंही बघ. काही ४०७०ना जुना आठ पिनांचा कनेक्टर असतो, काहींना नवा सोळा पिनांचा. सोळावाला असेल, तर केबल कनेक्टरला लागूनच मुरडू नको. साधारण ३५ मिमी सरळ जाऊ दे आणि मग वळव. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९०चे असे काही कनेक्टर वितळले होते. तुझं कार्ड त्या ४५० वॅटच्या राक्षसाच्या निम्मंही ओढत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण पॅनल लावताना केबल दाबली जात असेल तर ते कॅबिनेट तुझ्या कार्डाचं नाही. आणि कनेक्टर शेवटपर्यंत आत गेलाय का, हे डोळ्यांनी बघ. नुसत्या बोटांच्या अंदाजावर सोडू नको.

सगळं जोडून झालं की एक चाचणी कर, छोट्या कॅबिनेटवाल्यांची ही जुनी रीत आहे. खोलीचं तापमान लिहून ठेव. एकच जड गेम, एकाच जागी, अर्धा तास चालव आणि कार्डाचं तापमान नोंदव. मग कार्डाच्या बाजूचं पॅनल काढ आणि पुन्हा तेच. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट छान श्वास घेतंय. सात-आठ अंश पडला तर कुठेतरी कोंडतंय. आधी फिल्टर बघ, मग केबली, मग पाय. बाजूने कमी पडला पण कॅबिनेट दोन वह्यांवर उचलून ठेवल्यावर जास्त पडला, तर गुन्हेगार पायच.

त्यानंतरही आवाज खटकला, तर कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण. २०० वॅटचे १६० होतात आणि फ्रेम्सचा फरक आकडा बघितल्याशिवाय कळत नाही. अंडरव्होल्ट, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवणं, जमलं तर आणखी बरं. आपण कॅबिनेट बदलायचा विचार करत असतो आणि काम एका स्लायडरचं असतं. प्रोसेसरलाही कमी विजेवर चालवणारा इको मोड आहे, पण ७८००एक्स३डीला त्याची गरज क्वचित.

राहिले जुने तीन फॅन. बाजूने माप घे: १२० मिमी आणि जाडी २५ असेल तर चालतील, मात्र तळाशी कार्ड बसवल्यावर २५ मिमी खरोखर उरतात का ते मोज. नाही उरले तर तिथे १५ मिमीचे सपाट फॅन लागतील. कनेक्टरला चार पिना असतील तर उत्तम, वेग नीट आवरता येतो. तीन पिनावाला बहुतेक बोर्डांवर चालतो, फक्त बायोसमध्ये त्याला डीसीवर टाकावं लागतं. मिनी-आयटीएक्स बोर्डावर फॅनच्या जागा मोजक्याच, म्हणून तळाचे दोन एका वाय केबलवर घे. सहा वर्षं फिरलेल्या फॅनचं बेअरिंग बोलायला लागलेलं असतं. प्रत्येक फॅन एकटा चालवून कानाजवळ धर. टकटक किंवा खरखर ऐकू आली तर तो टेबलावर नको. पाती ओल्या फडक्याने पुस, पण पुसताना फॅन बोटाने धरून ठेव. आणि लावताना दिशा चुकवू नको: ज्या बाजूला आडवे दांडे आणि मधोमध स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तळाच्या फॅनचे स्टिकर वर, कार्डाकडे. वरच्यांचे छताकडे.

आता कार्ड परत खोक्यातून काढ आणि उंची मोज. पॉवर केबल लावून.

– ताई